मुल्लांच्या पुस्तकात नसलेलं कलम

जुन्या वकिलांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असायचं. घराची वाटणी, दत्तक, विधवेचा हिस्सा असलं काही विचारायला कुणी आलं की ते म्हणायचे, "थांबा, मुल्लात बघून सांगतो." नव्या पक्षकाराला वाटायचं, आपल्या वाटणीत आता मौलवी कशाला? मग वकीलसाहेब कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढायचे. नाव 'प्रिन्सिपल्स ऑफ हिंदू लॉ', लेखक सर दिनशा फरदुनजी मुल्ला. म्हणजे पुस्तक हिंदूंच्या कायद्याचं, लिहिणारा पारशी, आणि ते उघडून आपला वारसा ठरवून घेणारे आम्ही जैन! आमच्या कॅम्पासारख्या वस्तीत, जिथे एकाच रस्त्यावर चार धर्मांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, तिथे याचं कुणाला नवल वाटलं नाही. मला मात्र या माणसाच्या कारकिर्दीचं कुतूहल राहिलं आहे. त्या कुतूहलातून एक प्रश्न निघाला, तो आज तुमच्यापुढे मांडते.

हल्ली मुंबई-पुण्याकडे 'इस्टेट प्लॅनिंग' करणारे वकील असतात. मृत्युपत्र लिहून देणं, ट्रस्ट करून देणं, आपल्या माघारी पोराबाळांत भांडणं होऊ नयेत अशी व्यवस्था लावून देणं, हा त्यांचा धंदा. त्यातले काही जण पुस्तकंही लिहितात. मुल्लांच्या काळात हा शब्द नव्हता. पण माणूस गेल्यावर कुणाला काय मिळतं, या विषयाची इतकी नीट मांडणी करणारा दुसरा वकील-लेखक आपल्याकडे क्वचितच सापडेल.

मुल्लांचा जन्म १८६८ चा. १८९५ साली त्यांनी भाऊ रुस्तमजी यांच्यासोबत मुंबईत सॉलिसिटरांची पेढी काढली. 'मुल्ला अँड मुल्ला' हे नाव आजही त्या पेढीच्या पाटीवर आहे. सर फ्रेडरिक पोलॉक यांच्याबरोबर त्यांनी कराराच्या कायद्यावर लिहिलं, दिवाणी दाव्यांच्या कामकाजावर लिहिलं, मुसलमानांच्या कायद्यावर लिहिलं, आणि १९१२ मध्ये हिंदू कायद्यावरचं ते पुस्तक काढलं. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य झाले. १९३० मध्ये लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले, म्हणजे त्या काळी हिंदुस्थानातले दावे ज्या सर्वांत वरच्या ठिकाणी संपायचे तिथे. १९३४ साली ते वारले. त्यांच्या माघारी इतरांनी सुधारत नेलेलं ते पुस्तक अजून छापलं जातं.

मी कला शाखेची पदवीधर. कायद्याची पुस्तकं वाचणं काही माझं काम नव्हे. पण शेजारच्या वकीलकाकांकडून मुल्लांची एक जुनी प्रत मी मागून आणली होती. दुपारी घरातलं आवरून झालं की चार-दोन पानं चाळायची. पुस्तकात परिच्छेदांना क्रमांक. प्रत्येकात एक नियम, कमीत कमी शब्दांत. खाली उदाहरण. 'अ' मरतो; त्याच्यामागे विधवा 'ब' आणि भाऊ 'क' राहतात; मालमत्ता कुणाकडे जाईल? आणि त्याखाली कुठल्या कोर्टाने कधी काय ठरवलं त्याचे दाखले. पानामागून पान 'अ' मरत असतो. 'ब' कधी रडत नाही, 'क' कधी टोमणे मारत नाही. आपल्या घरात तेराव्यापर्यंत जे काही होतं, त्यातलं काही त्या पानांवर नाही.

त्यात आपलं गाव मात्र आहे, असं मला वाटलं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आणि मुल्ला प्रत्येक ठिकाणी सांगतात की मुंबईकडे नियम वेगळा आहे. तो वेगळेपणा पुष्कळदा बाईच्या बाजूचा निघतो. मुलगा नाही, विधवा नाही आणि मुलीला वारसा मिळाला, तर इतर प्रांतांत तो बहुतेक तिच्या हयातीपुरता. मुंबई इलाख्यात मात्र पूर्ण मालकीचा. तिच्या माघारी तो तिच्या स्वतःच्या वारसांना जायचा. बहिणीला इतर ठिकाणी फारसं कुणी विचारत नसे, मुंबईकडे ती वारसांच्या रांगेत पुष्कळ पुढे. विधवेच्या बाबतीत मात्र सगळीकडे एकच रड. नवऱ्याची मालमत्ता तिच्या हाती आली तरी ती 'विधवेची इस्टेट'. उत्पन्न खायचं, पण ठरावीक गरजेवाचून विकता येत नाही, आणि ती गेली की ते सगळं नवऱ्याच्या वारसांकडे परत.

हे सगळं मुल्ला ज्या सुरात सांगतात, त्या सुराने मी थांबले. मुलीला पूर्ण मालकी हे ते ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात विधवेला हयातीपुरतं हेही सांगतात. चांगलं म्हणत नाहीत, वाईट म्हणत नाहीत. 'का' हा शब्दच नाही. असला तर एवढाच, की अमुक ग्रंथात असं आहे आणि अमुक निवाड्यात असं धरलं आहे.

मग माझा प्रश्न असा. ज्याला वारशाच्या कायद्यातली प्रत्येक गल्ली ठाऊक होती, ज्याने कितीतरी विधवांचे कागद हाताळले असणार, त्याने मत न देणं हा गुण म्हणायचा की पळवाट?

मी बरेच दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. गुण म्हणावं, तर त्याला आधार आहे. नकाशा काढणाऱ्याने नदी आपल्या मनाने वळवून चालत नाही. तेच पुस्तक दिराचा वकील उघडतो आणि विधवेचा वकीलही. लिहिणारा एकीकडे कलला असता, तर दुसऱ्याने ते फेकून दिलं असतं. उलट, मुंबईकडे मुलीला पूर्ण मालकी मिळते, हे लिहिणाऱ्याला ते आवडो वा न आवडो, पानावर उभं राहिलं. एखाद्या गरीब घरच्या लेकीच्या वकिलाला तेवढी एक ओळ पुरेशी झाली असेल. परधर्माच्या माणसाने आपल्या घरातल्या गोष्टींत मत न देणं ही सभ्यताही आहे.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हा जैनांना जवळची आहे. जैनांबद्दल त्या पुस्तकात सांगितलं आहे ते थोडक्यात असं: वेगळी रूढी सिद्ध झाली नाही, तर जैनांना हिंदू कायदाच लागू. मुंबई हायकोर्टाने १८७३ मध्येच तसं धरलं होतं. मुल्लांनी ते नोंदवलं आणि पुढे गेले. याच सुमारास उत्तरेत दुसरे एक वकील-लेखक होते, बॅरिस्टर चंपतराय जैन. जन्म दिल्लीचा, १८६७ चा, म्हणजे मुल्लांपेक्षा एका वर्षाने मोठे. विलायतेत शिकून आले आणि हरदोईला वकिली केली. १९२६ च्या सुमारास त्यांनी 'जैन लॉ' हे पुस्तक काढलं. त्यांना नकाशा काढायचा नव्हता, बाजू मांडायची होती. त्यांचं म्हणणं असं की जैन हे हिंदूंतून फुटून निघालेले नव्हेत, त्यांची स्वतःची नीतिशास्त्रं आहेत. आमच्याकडे पिंडदान नाही, त्यामुळे पिंड देण्यासाठी मुलगा हवा हा विचारच नाही. आणि वारसाच्या क्रमात विधवा पहिली, मुलाच्याही आधी.

केवढं धाडसाचं वाक्य! विधवा पहिली. मुल्लांच्या पुस्तकात हयातीपुरतं मिळणारी बाई चंपतरायांच्या पुस्तकात रांगेत सर्वांच्या पुढे उभी. पण कोर्टाची अडचण अशी, की जुन्या ग्रंथात लिहिलेलं पुरत नाही, तशी रूढी चालत आली हे दाखवा. मद्रासला १९२७ मध्ये आणि मुंबईला १९३९ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं खरं, की प्रश्न नव्याने आला असता तर जैनांचा धर्म स्वतंत्र आणि प्राचीन मानावा लागला असता. पण आधीचे निवाडे तसेच राहिले. शेवटी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने जैनांना नाव घेऊन आत घेतलं आणि तो वाद बराचसा संपला. त्याच कायद्याने विधवेची ती हयातीपुरती इस्टेटही मोडीत काढली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमचं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. सीमेच्या दुःखात आमच्या बायकांच्या पदरात पडलेली ती दुसरी गोष्ट तेव्हा फारशी कुणाच्या ध्यानात आली नसावी.

दोघे वकील, दोघे लेखक. एकाने जे आहे ते लिहिलं, दुसऱ्याने जे असायला हवं ते. पहिल्याचं कोर्टात चाललं, दुसऱ्याचं फारसं चाललं नाही. पण आजचा कायदा बघा. तो चंपतराय मागत होते त्याच्या जवळ येऊन पोचला आहे, मुल्लांनी नोंदवलेल्या नियमांपासून लांब गेला आहे. म्हणून मी मुल्लांना दोष देत नाही. लेखक म्हणून त्यांचा तटस्थपणा प्रामाणिक होता. माझी तक्रार आहे ती आपल्याबद्दल. आपण घरात बसून तो तटस्थपणा उसना घेतो. "कायदाच तसा आहे," "तिनेच सही केली," "वकील म्हणाले चालतं," असं म्हणून मोकळे होतो. पुस्तक लिहिणाऱ्याला जे शोभतं, ते बापाला शोभत नाही. आईलाही नाही.

कारण कायद्यानेच एक जागा अशी ठेवली आहे, जिथे कायदा गप्प बसतो आणि माणसाला बोलावं लागतं. ती जागा म्हणजे मृत्युपत्र. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत मृत्युपत्र नव्हतंच. ते इंग्रजी अमलात रुजलं. मुंबई शहरासारख्या ठिकाणी ते लेखी आणि दोन साक्षीदारांसमोर हवं, असं १८७० मध्ये ठरलं. बेळगावसारख्या मुलुखात मात्र १९२६ संपेपर्यंत हिंदूने, जैनाने तोंडी सांगितलेलं मृत्युपत्रही चालत असे. अंथरुणावरच्या माणसाने चार जणांसमोर सांगायचं, "हे याला, ते तिला." १ जानेवारी १९२७ पासून आपल्याकडेही कागद आला. सोय झाली, खोटेपणाला आळा बसला. पण तोंडी सांगताना माणूस बहुधा कारणही सांगायचा. "धाकट्याने माझं केलं, म्हणून मळा त्याला." कागदावर 'मळा त्याला' एवढंच उरलं.

वकीलकाकांनी आयुष्यात कितीतरी मृत्युपत्रं लिहिली. आता ते थकलेत, पण आठवण पक्की. एकदा त्यांना विचारलं, "काका, मृत्युपत्र लिहायला माणूस येतो तेव्हा तुम्ही काय बघता?"

ते म्हणाले, "बाहेर बाकावर कोण बसलंय ते बघतो. बहुतेक वेळा नवरा आत बोलत असतो नि बायको बाहेर बसलेली असते. नाहीतर म्हातारा गप्प बसतो नि थोरला पोरगा बोलतो. मग मी सगळ्यांना बाहेर घालवतो, नि म्हाताऱ्याला एकच विचारतो, ज्याला कमी देतायसा त्याला हे ठावं हाय काय?"

"मग काय म्हणतात?"

"बहुतेक जण खाली बघतात."

मी म्हटलं, "मग कारण लिहून ठेवायला सांगता का?"

तर म्हणाले, "न्हाई वैनी. कारण लिहिलं की भांडायला मुद्दा मिळतो. वकील म्हणून मी सांगेन, कमी लिहा." थोडं थांबून म्हणाले, "माणूस म्हणून इच्याराल, तर लिहा म्हणेन."

वकील म्हणून एक आणि माणूस म्हणून एक, ही फट त्यांनी लपवली नाही, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. आणि कोर्टही 'का'कडे अगदी पाठ फिरवतं असं नाही. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हैसूरच्या एका बाईच्या मृत्युपत्राच्या खटल्याचा निकाल दिला. निवाडा लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्याच मराठी मुलखातल्या माणसाने. सही आणि साक्षीदार असले तरी पुरत नाही. मृत्युपत्राभोवती संशय घेण्यासारखं काही असेल, तर ते दूर होऊन न्यायालयाच्या विवेकाची खात्री पटली पाहिजे, असं त्यात धरलं आहे. जवळच्या वारसाला काही कारण न दिसता वगळलं असेल, तर तेही संशयाचं एक लक्षण धरतात. विवेक हा शब्द कायद्याने वापरला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता हा 'का' आमच्या घराघरांत कुठे अडतो, ते सांगते. निपाणी, चिकोडी, बेळगाव या आमच्या भागात सगळ्यांना माहीत असलेला एक कागद आहे, हक्कसोडपत्र. वडील गेले की बहिणींना निरोप जातो. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात सगळ्या जमतात. कागद कन्नडात लिहिलेला असतो, सही मराठीत होते. मग भावाच्या घरी जेवण, पुरणपोळी, एकेक साडी. संध्याकाळच्या एसटीने बहिणी सासरी परत.

माझी एक आत्या अशी सही करून आली होती. तिला मी विचारलं, "आत्या, मनापासून केलीस का गं सही?"

ती म्हणाली, "मन इच्यारलं कुणी? सही मागितली, दिली. न्हाई म्हटलं असतं तर माहेरचा उंबरा बंद झाला असता. जमिनीपरास उंबरा मोठा की नाही?"

यात भाऊ दुष्ट नव्हता. तो चांगला माणूस होता, बहिणींच्या बाळंतपणात धावणारा. म्हणून तर हा प्रश्न कायद्याचा राहत नाही. लेकींना वडिलांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा १९५६ लाच मिळाला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने तो २२ जून १९९४ पासून दिला, कर्नाटकाने ३० जुलैपासून. सीमेच्या अलीकडे-पलीकडे फक्त पाच-सहा आठवड्यांचा फरक! पण दोन्हीकडे अट एकच, त्या आधी लग्न झालेल्या मुलींना नाही. ती अट ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनच आहे. कायद्याने इतका लांबचा पल्ला गाठला, आणि माझी आत्या एका सहीने तो परत चालून गेली. तिच्या सहीला कायद्यात स्वखुशी म्हणतात. मुल्ला असते तर एका ओळीत लिहिलं असतं: 'क'ने आपला हिस्सा सोडला आहे. ओळ बरोबरच असती.

भावांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, म्हाताऱ्या आईबापांचं आम्ही केलं. लग्नात सोनं घातलं, ते हिश्श्यातच धरा. तंबाखूची चार एकर जमीन पाच जणांत वाटली तर कुणालाच पोट भरेना. ही सगळी कारणं खोटी नाहीत. मी स्वतः सून म्हणून सासू-सासऱ्यांचं केलं आहे. सेवेला किंमत असते हे मला सांगावं लागत नाही. माझं म्हणणं इतकंच, की ही कारणं असतील तर ती उघड बोला. बापाने जिवंतपणी सर्व लेकरांना बसवून म्हणावं, "जमीन एकाकडे ठेवतो, कारण हे. बदल्यात तुला एवढी रक्कम, तुला घराचा एवढा भाग." मग एखादी लेक म्हणेल, मला नको, दादाला राहू दे. ते देणं झालं. ज्याला 'नको' म्हणायची मोकळीक होती, त्याच्याच 'हो'ला अर्थ असतो. न मागता, न सांगता, बाराव्याच्या गर्दीत पुढे सरकवलेल्या कागदावरची सही हे देणं नव्हे. आणि अचौर्य हे व्रत आपण फक्त कुलपाच्या आणि तिजोरीच्या बाबतीतच धरतो की काय, हा विचार मला पर्युषणात हटकून छळतो.

आपल्या पुराणांत याचं उत्तर नाही, असं कुणी समजू नये. आचार्य जिनसेनांचं 'आदिपुराण' नवव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, म्हणजे याच कर्नाटकाच्या मातीतलं. त्यात गृहस्थाने घर सोडताना काय करावं, ते सांगितलं आहे. सिद्धपूजा करावी, मान्य माणसांना बोलवावं आणि त्यांच्या साक्षीने थोरल्या मुलाच्या हाती सगळं सोपवावं. सोपवताना सांगावं: द्रव्याचे तीन भाग कर. एक धर्मकार्यासाठी, एक घरखर्चासाठी, एक भावंडांत वाटण्यासाठी. आणि मुलींनाही मुलांबरोबर समान वाटा आहे.

साडेअकराशे वर्षांपूर्वीचा हा इस्टेट प्लॅन! त्यात साक्षीदार आहेत, दानाचा भाग आहे, लेकीचा वाटा आहे. मुख्य म्हणजे बाप बोलतो आहे. जिवंतपणी, उभ्याने, सर्वांसमोर. दरवर्षी शास्त्र वाचनाला बसणाऱ्या आमच्यापैकी कितीजणींनी ही जागा मोठ्याने वाचली जाताना ऐकली आहे? भरत-बाहुबलीचं युद्ध मात्र सगळ्यांना पाठ. तेही शेवटी वाटणीचंच भांडण. बापाने राज्यं वाटून दिली होती, तरी थोरल्याला सगळं हवं झालं. कारकळला, श्रवणबेळगोळला, जवळच कुंभोजला आपण ज्याच्या पायाशी डोकं टेकतो, तो भांडण जिंकून मग हिस्सा सोडणारा भाऊ आहे. हरलेली, दबलेली बहीण नव्हे. सोडण्यातही फरक असतो, तो असा.

कुणी म्हणेल, आपण अपरिग्रह मानणारी माणसं, मग वाटण्यांचा एवढा काथ्याकूट कशाला? 'माझं' म्हणूच नये. याचं उत्तर मला आमच्या कॅम्पाने दिलं. कॅन्टोन्मेंटमधले कितीतरी जुने बंगले 'ओल्ड ग्रँट'वर असतात. म्हणजे जमीन सरकारची, वरचं बांधकाम तेवढं राहणाऱ्याचं. अशा बंगल्यात राहणारी माणसं जमीन आपली नाही हे पक्कं जाणून असतात, आणि तरीही, किंवा म्हणूनच, कागद फार जपून ठेवतात. कौलं बदलायची तरी परवानगी काढतात. जे आपलं नाही, ते जास्त सांभाळून पुढच्याच्या हाती द्यावं लागतं. अपरिग्रहाचा मला कळलेला अर्थ हा आहे. परिमाण ठरवायचं, त्याच्या वरचं जिवंतपणी सोडायचं आणि उरलेल्याचा हिशोब नीट देऊन जायचं. बेफिकीर राहून पोरांच्यात कोर्टकचेरी लावून जाणं हे वैराग्य नव्हे, आळस आहे.

वकिलांचा यात काय दोष, आणि काय काम? मला वाटतं, चांगल्या वकिलाची कारकीर्द त्याने किती मृत्युपत्रं लिहिली यावर मोजू नये. बाकावर बसलेल्या बाईला किती वेळा आत बोलावलं, यावर मोजावी. पण तो आपल्या जागी विवेक करू शकत नाही. तो रूप देतो. इच्छा आपली असावी लागते. मुल्लांच्या पुस्तकात 'कुणाला', 'किती', 'केव्हा' यांची शेकडो कलमं आहेत. 'का'चं कलम नाही, आणि त्या पुस्तकात ते असू शकत नव्हतं. ते आपण आपल्या हाताने लिहायचं असतं.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी आमचं मृत्युपत्र केलं. जमवायला फार काही नाही. राहतं घर, थोडी ठेव, माझं सोनं. आधी साध्या मराठीत वहीच्या कागदावर लिहिलं, कारणांसकट. मुलगा आणि मुलगी दोघांनाही बसवून वाचून दाखवलं. मुलाने एक शंका काढली, मुलीने दोन. त्यातली तिची एक बरोबर होती, म्हणून घराच्या बाबतीत एक वाक्य बदललं. मग वकिलांनी त्याला कायद्याचं रूप दिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. वहीचा कागदही आम्ही सोबत ठेवला आहे. कोर्टात त्याला काय किंमत असेल ती असो.

धर्मकार्याच्या भागावर मात्र आमचं अजून ठरलेलं नाही. यांचं म्हणणं बस्तीच्या जीर्णोद्धाराला द्यावा. माझं म्हणणं, आपल्या भागातल्या मुलींच्या शिक्षणाला. मुलगी म्हणते, दोघांनी आपापली कारणं लिहून काढा, मग बघू. ती सध्या दोन्ही बाजूंचे कागद मागते आहे.